दाढीच्या ब्रशात पैसे नेमके कशाचे मोजायचे?

किराणा दुकानात पुठ्ठ्याच्या कार्डावर लावलेला दाढीचा ब्रश साधारण 100 रुपयांत मिळतो. ऑनलाइन शोधलं तर जवळपास तसाच दिसणारा ब्रश हजाराच्या घरात असतो, आणि युरोपातल्या नावाजलेल्या कंपनीचा असेल तर किंमत पाहून माणूस दाढी ठेवायचा विचार करू लागतो. फोटोत तिन्हींमध्ये फारसा फरक दिसत नाही. फरक असतो, पण तो बराचसा केसांच्या टोकाशी आणि बुंध्याशी असतो, आणि फोटोत नेमक्या त्याच दोन जागा दिसत नाहीत. मुठीचा वाटा त्या मानाने थोडा. आणि एका मर्यादेनंतर वाढलेल्या किमतीचा चांगल्या दाढीशी काहीच संबंध उरत नाही.

आधी ब्रश करतो काय ते पाहू. दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, नखंही त्याचीच. कोरडा असताना तो चिवट असतो आणि पात्याला चांगलाच विरोध करतो. पाणी शोषलं की फुगतो, मऊ पडतो आणि कमी जोरात कापला जातो. याला दोन-तीन मिनिटं लागतात; पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. पण नुसतं पाणी तोंडावर मारलं तर ते ओघळून जातं. ते केसांशी धरून ठेवायचं आणि पात्याला घसरायला गुळगुळीत वाट करून द्यायची, यासाठी साबणाचा फेस. डब्यातल्या तयार फोममध्ये गॅसने फुगवलेली हवा भरपूर असते आणि पाणी किती घ्यायचं ते आपल्या हातात नसतं. ब्रशने नीट घोटलेल्या फेसातले बुडबुडे इतके बारीक होतात की तो घट्ट दह्यासारखा दिसतो, आणि कमी पडलं तर चार थेंब पाणी वाढवता येतं.

म्हणून ब्रशची परीक्षा पाण्यापासून सुरू होते. तो पाणी किती धरतो, आणि धरलेलं सोडतो की नाही? दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण तो तितकाच महत्त्वाचा आहे. काही भरगच्च, महागडे ब्रश अर्धा फेस पोटातच ठेवतात. गालावर पुरेसा यावा म्हणून पुन्हा पुन्हा क्रीम घ्यावं लागतं आणि दाढी झाल्यावर धुताना तो सगळा फेस बेसिनमध्ये जातो.

आता टोकं. केस कुठल्याही प्राण्याचा असो, कातरीने कापलेलं टोक सपाट आणि धारदार असतं. निसर्गतः वाढलेलं टोक निमुळतं असतं. स्वस्त ब्रश बनवताना केसांचा झुबका बांधून वरून छाटून आकार दिलेला असू शकतो. मग गालावर फिरवताना टोचतं, आणि दोन वेळा फिरवल्यावर मानेवर लाली येते. नीट केलेल्या ब्रशात कारागीर केसांची टोकं एका खोलगट साच्यात खाली करून ठेवतो, साचा आपटत आपटत त्यांना हवा तो घुमट देतो, आणि मग बुंध्याशी दोऱ्याने आवळून गोंद भरतो. वरची टोकं अखंड राहतात; जे छाटायचं ते बुंध्याकडून. किमतीतला रास्त भाग आहे तो हा. दुकानात ब्रश हातात मिळाला तर केसांवरून नुसती बोटं फिरवू नका. टोकं उलट्या हाताच्या कातडीवर किंवा गालावर हलकेच दाबून फिरवा. सुयांसारखं लागलं तर ठेवून द्या, मूठ कितीही देखणी असो.

केस किंवा धागा चार प्रकारचा मिळतो: डुक्कर, बॅजर (बिज्जूच्या कुळातला प्राणी), घोडा आणि कृत्रिम.

डुकराच्या केसांच्या ब्रशला बाजारात 'बोअर' म्हणतात. नावावरून रानडुक्कर डोळ्यांपुढे येतं, प्रत्यक्षात बहुतेक केस पाळीव डुकरांचेच असतात. हा केस जाड, राठ आणि ताठ असतो, पण त्याचं टोक फाटून दोन-तीन बारीक पदर होतात. नवा बोअर ब्रश म्हणूनच फसवा असतो: पहिल्या आठवड्यात टोचतो, फेसही बेताचाच करतो. रोज वापरला की टोकं आणखी फाटत जातात, आणि महिन्या-दोन महिन्यांत तोच ब्रश गालाला मऊ लागतो, बुंधा मात्र ताठच राहतो. कडक साबणाच्या वडीवर घासायला असं दुसरं काही नाही. इटलीतल्या बोलोन्याची ओमेगा ही कंपनी 1931 पासून हे ब्रश करते. पोर्तुगालच्या सेमोगचेही प्रसिद्ध आहेत. किंमत बॅजरच्या मानाने फार कमी.

बोअर वापरायचा तर एक सवय लागते. डुकराचा केसही केराटिनचाच, म्हणजे तुमच्या दाढीसारखाच तोही पाणी पितो. कोरडा ब्रश थेट साबणावर नेला तर तो फेसातलं पाणी स्वतः शोषून घेतो आणि फेस गालावरच विरून जातो. तोंड धुताना किंवा अंघोळीआधी ब्रशचे केस कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवायचे. मूठ पाण्याबाहेर. एवढंच.

आपल्याकडे बोअरबाबत आणखी एक गोष्ट आहे जी परदेशी सल्ल्यांत सापडणार नाही. कित्येक घरांत डुकराचा केस तोंडाला लावणं चालत नाही. मुसलमान घरांत नाही, जैन घरांत नाही, माळकऱ्यांकडेही बहुधा नाही. आणि स्वस्त ब्रशच्या वेष्टनावर केस कशाचे हे पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. ज्याला फरक पडतो त्याने ब्रशमधून एखादा केस उपटून मेणबत्तीवर धरावा. प्राण्याचा असेल तर केस जळाल्याचा ओळखीचा वास येतो आणि बोटांत चुरडता येईल अशी राख राहते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाशी कडक मणी होतो. डुक्कर की बॅजर हे मात्र यातून कळत नाही. केसावरचा काळा पट्टा पाहूनही ठरवू नका, कारण बॅजरसारखा दिसावा म्हणून डुकराच्या केसांवर असा पट्टा रंगवलेले ब्रश सर्रास विकले जातात.

बॅजर हा आपल्याकडच्या बिज्जूच्या, म्हणजे चांदी अस्वलाच्या कुळातला प्राणी. त्याचा केस मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे टोक मऊ आणि धड लवचीक असं एकाच केसात जमून येतं. पाणीही भरपूर धरतो. दीडदोनशे वर्षं श्रीमंतांचा ब्रश म्हणजे बॅजर हे समीकरण त्यामुळेच बसलं; पॅरिसच्या प्लिसाँची सुरुवात 1808 ची, लंडनच्या सिम्पसनची 1919 ची. यात प्रती असतात: सगळ्यात खालची 'प्युअर', मग 'बेस्ट', मग 'सुपर', आणि सगळ्यात वर 'सिल्व्हरटिप'. गिऱ्हाईक 'प्युअर' वाचून खूश होतं, आणि त्याच्या हातात येतो तो प्राण्याच्या अंगावरचा सगळ्यात राठ, गडद केस. शिवाय ही प्रतवारी कुठल्याही मानक संस्थेने ठरवलेली नाही. एका कंपनीचा 'सुपर' दुसरीच्या 'बेस्ट'पेक्षा हलका असू शकतो, आणि साधा केस ब्लीच करून टोकं पांढरी केलेला 'सिल्व्हरटिप'ही मिळतो. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त पैसे मोजायचे, तिथेच काय घेतोय याची खात्री सगळ्यात कमी.

आणि तो केस येतो कुठून? ब्रिटनमध्ये 1992 च्या कायद्याने बॅजरला संरक्षण आहे. ब्रशांत वापरला जाणारा जवळजवळ सगळा केस चीनमधून येतो, आणि तो काढताना प्राणी जिवंत राहत नाही. त्यांना कसं पकडतात, कसं कोंडून ठेवतात याची चित्रणं गेल्या काही वर्षांत बाहेर आल्यावर अनेकांनी हात मागे घेतला. जर्मनीच्या म्यूले या नामांकित कंपनीने 2021 मध्ये बॅजरचा केस वापरणं थांबवलं. आपल्याकडे चित्रकारांच्या ब्रशांसाठी मुंगसाच्या केसांचा असाच धंदा चालायचा. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आहे, तरी छापे अजून पडतात. माझं मत विचाराल तर आज नव्याने ब्रश घेणाऱ्याने बॅजरच्या वाटेला जायचं कारण उरलेलं नाही. आजोबांचा असेल तर जरूर वापरा.

घोड्याच्या केसांना या बाबतीत कमीपणा नाही: आयाळीचे आणि शेपटीचे केस कापता येतात, घोडा चरत राहतो. स्पेन आणि तुर्कस्तानात असे ब्रश अजून होतात. पोत बोअर आणि बॅजरच्या मधला, फेस चांगला होतो, पण केस कधी कधी वेडेवाकडे वळतात आणि आपल्या बाजारात हे ब्रश क्वचितच दिसतात.

घोड्याच्या केसांचा एक जुना किस्सा मात्र सांगायलाच हवा. पहिल्या महायुद्धाआधी रशिया आणि चीनकडून आलेला केस युरोपात, विशेषतः जर्मनीत, धुऊन, निवडून, निर्जंतुक होऊन मग ब्रशवाल्यांकडे जायचा. युद्धाने तो रस्ता तुटला. केस थेट अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये उतरू लागला. त्याच वेळी ब्रशची मागणी अफाट वाढली होती, कारण विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला गुळगुळीत गाल लागायचे आणि सैनिकांच्या सामानात दाढीचं साहित्य असायचं. घोड्याचा स्वस्त केस बॅजरसारखा रंगवून ब्रश बनले. त्यातल्या काहींत काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, बीजाणू होते. दाढी करताना गालावर बारीक ओरखडे येतातच. बीजाणूंना तेवढी वाट पुरली. दोन्ही देशांत मिळून 200 हून अधिक सैनिक आणि नागरिकांना लागण झाली, आणि कित्येक दगावले. आजच्या कारखान्यातल्या केसाला अशी भीती नाही, तो निर्जंतुक केलेला असतो. तरी कोणाच्या माळ्यावर त्या काळातला, कुठला ते न कळणारा ब्रश सापडला, तर तो काचेच्या कपाटात शोभेला ठेवावा. गालाला लावू नये.

आणि आता कृत्रिम. तीस वर्षांपूर्वीचा नायलॉनचा ब्रश ज्याने वापरला असेल त्याचं नाक मुरडणं मला समजतं: पाणी धरायचा नाही, फेस उडवायचा, आणि टोकं तारेसारखी. पण तो धागा आणि आजचा धागा यांत काही नातं उरलेलं नाही. आजचे चांगले ब्रश बहुधा पीबीटी नावाच्या पॉलिएस्टर जातीच्या बारीक धाग्याचे असतात आणि त्या धाग्यांची टोकं रासायनिक प्रक्रियेने निमुळती केलेली असतात, म्हणजे बॅजरच्या केसात जे आपोआप असतं ते इथे कारखान्यात आणलेलं. धागा स्वतः पाणी पीत नाही. पाणी धाग्यांच्या मधल्या फटींत धरलं जातं. म्हणून भिजवून ठेवायची गरज नाही, दाढी झाल्यावर दोन झटके दिले की बरंचसं पाणी निघून जातं, आणि नव्या ब्रशला ओल्या जनावराचा जो वास येतो तोही नाही. बोअर किंवा बॅजरचा तो वास शांपूने चार-पाच वेळा धुतल्यावर जातो, पण तोवर घरचे बोलतात.

आपल्या हवेत ही वाळण्याची गोष्ट फार मोठी आहे. रत्नागिरीत किंवा पणजीत जुलै महिन्यात टॉवेलही वाळत नाही, तिथे बोअरचा भिजलेला बुंधा दुसऱ्या दिवशी सकाळी ओलाच असतो. ओलसर केस, साबणाचा अंश आणि बंद बाथरूम मिळून ब्रशला कुबट वास येतो, कधी बुरशीही धरते. जर्मनीच्या किंवा कॅनडाच्या कोरड्या घरात बसून लिहिलेल्या सल्ल्यात हे कळीचं नसतं. कोकण-गोव्यात राहणाऱ्याला मी डोळे मिटून कृत्रिम सुचवेन. नागपूर-सोलापूरच्या हवेत वर्षाचे आठ महिने बोअर सुखाने वाळतो.

कृत्रिमची एक खोड आहे. धागे लवचीक असल्याने ब्रश दाबून सोडला की उसळतो आणि फेसाचे शिंतोडे आरशावर जातात. पाणी कमी घेऊन, टोकांनीच, गोलाकार फिरवलं की हे थांबतं. दुकानदार 'टक्सिडो', 'प्लिसॉफ्ट', 'काश्मीर' अशी नावं सांगतील. ती धाग्याच्या पोतांची नावं आहेत. पहिला फार मऊ, शेवटचा किंचित ताठ, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

मापाकडे वळू, कारण ऑनलाइन घेताना हातात तेवढीच माहिती असते. झुबक्याला 'नॉट' म्हणतात आणि तो बुंध्याशी किती जाड आहे ते मिलिमीटरमध्ये लिहितात. मुठीच्या वर केस किती उंच आहेत तो 'लॉफ्ट'. या दोन आकड्यांवरून ब्रश ताठ की लुळा ते ओळखता येतं. 24 मिलिमीटर नॉट आणि 50 च्या आसपास लॉफ्ट हे कृत्रिम ब्रशसाठी सुरक्षित माप आहे. त्याच नॉटवर लॉफ्ट 58 केला तर ब्रश गालावर लोळतो. 44 केला तर दगडासारखा ताठ. बोअरचा आकडा वेगळा वाचायचा, कारण जाड केसाला वाकायला लांबी लागते. तिथे 55 ते 65 लॉफ्ट असतो आणि तो बरोबरच असतो. 20 च्या खालचा नॉट चिमटीत धरायला सोयीचा, पण फेस दोन वेळा पुरत नाही. 28 च्या वरचा मोठेपणा मिरवतो. नाकाखाली वळवताना तोच नाकात जातो.

तुम्ही फेस कुठे करता यावरही माप ठरतं. वाडग्यात किंवा तळहातावर करत असाल तर मोठा आणि मऊ चालेल. ट्यूबमधलं क्रीम थेट गालावर लावून तिथेच घोटत असाल, आणि आपल्यापैकी बहुतेक जण हेच करतात, तर 22 ते 24 चा, थोडा ताठ ब्रश घ्या. क्रीम मुळातच मऊ असल्याने त्याला फार ताकद लागत नाही. साबणाची कडक वडी वापरणाऱ्याला मात्र बोअर किंवा ताठ कृत्रिम लागेल, अतिमऊ ब्रश त्यावर नुसता लोळत राहतो.

हातात घेतल्यावर आणखी एक पाहा. झुबका बुंध्याशी अंगठा आणि तर्जनीत दाबा. मध्ये पोकळ लागला तर केसांची भरती कमी आहे. नव्या ब्रशचे पहिल्या आठवड्यात चार-दोन केस गळतात, ते सैल राहिलेले असतात. महिन्यानंतरही रोज गळत असतील तर गोंद सुटला आहे, दुकानात परत करा. मूठ रेझिनची असो, लाकडाची की पितळेची, फेसाला काही फरक पडत नाही. ओल्या साबणाच्या हातातून सुटू नये एवढंच पाहायचं. लाकूड पाण्यात राहिलं की तडकतं, पितळ जड होतं. पैसे मुठीवर घालायचे ते हौस म्हणून, आणि हौस असायला हरकत नाही.

ब्रश चांगला घेऊनही फेस होत नाही अशी तक्रार पुणे, संभाजीनगर, नगर भागातून फार ऐकू येते. बहुतेक वेळा दोषी असतं बोअरवेलचं पाणी. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्धाम्लांशी जुळून न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. फेस होण्याआधीच साबण त्यात खर्च होतो. तोच साका केसांच्या बुंध्याशी साचत जातो आणि वर्षभरात ब्रश कडक होतो. उपाय सोपा: पिण्याच्या फिल्टरचं वाटीभर पाणी घेऊन फेस करा, तोंड धुवायला नळाचं चालेल. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी, किंवा चिमूटभर लिंबूसत्त्व घातलेल्या पाण्यात केस पाच मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा. मूठ पितळी असेल तर तिला आंबट पाणी लागू देऊ नका.

उकळतं पाणी कधीच नको. त्याने केस कडक होतात आणि गोंद सैल पडतो. गालावर ब्रश दाबून, झाडू मारल्यासारखा आडवा रेटायचाही नाही. मधले केस बुंध्याशी तुटत जातात आणि वर्षभरात झुबक्याच्या मधोमध खड्डा पडतो. उभा ठेवावा की उलटा टांगावा यावर हौशी मंडळी तावातावाने भांडतात. केसांमधलं पाणी उलटं टांगल्याने काही लगबगीने खाली येत नाही. झटकून, टॉवेलवर पुसून वाऱ्याला ठेवला की झालं, बंद डबीत मात्र नको.

घरात जुना, केस झडलेला पण मूठ सुंदर असलेला ब्रश असेल तर टाकू नका. नुसते नॉट वेगळे विकत मिळतात. जुन्या केसांचा बुंधा कापून, उरलेला गोंद ड्रिलने कोरून काढायचा, भोक नॉटपेक्षा एखादा मिलिमीटर मोठं ठेवायचं आणि नवा नॉट इपॉक्सीने बसवायचा. इपॉक्सी लावण्याआधी खाली वॉशर किंवा एखादं नाणं ठेवून नॉट वरखाली करून पाहा, कारण दोन मिलिमीटरने लॉफ्ट बदलला तरी ब्रशचा स्वभाव बदलतो. हवी ती उंची सापडली की मग चिकटवा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या.